कच्चे मडके

धाराशिव जिल्ह्यात तेरणेकाठी तेर आहे. संतांची परीक्षा गोरोबाकाकांनी इथेच घेतली, असे परंपरा सांगते. मुक्ताबाईने विचारले, "काका, यात कच्चे मडके कोणते?" काकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके ठोकले. सारे शांत, नामदेवराय तेवढे रागावले. धनाचा लोभ नाही, विषयाची ओढ नाही. मग मोह शिरला कुठून? "देव माझ्याशी बोलतो" या मानातून! चोर देवघरातूनच आला की हो! आपणही माळ घातली, वारी झाली, म्हणून निर्धास्त झोपतोच ना? देवानेच नामदेवांना औंढ्यास विसोबा खेचरांकडे धाडले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव पुन्हा बिचकले. विसोबा म्हणाले, "देव नसेल तिथे पाय ठेव." पाय ठेवावा तिथे पिंडी! तेव्हा कुठे मडके भाजले.