चित्रफीत : करणे आणि पारखणे
(इयत्ता ६ वी व ७ वी, तासिका ३)

लिहिलेला शब्द वाचावयास शाळा शिकविते. हलते चित्र वाचावयास मात्र मूल कोणी न शिकविताच लागते आणि जे दिसते ते खरेच मानते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी समजून जमावाने भटक्या जमातीतील ५ निरपराध माणसांचा जीव घेतला. त्या सुमारास अशा अफवा मोबाईलवरून देशभर पसरल्या होत्या. त्यांतील एक चित्रफीत मूळची कराचीची होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांस सावध करण्यासाठी ती अभिनयाने तयार केलेली होती. मोटारसायकलवरील दोघे मूल उचलतात, पुढे तेच मूल परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवितात. हा शेवट कोणी तरी कापून टाकला व उरलेला भाग खरी घटना म्हणून फिरला.

कापण्याने अर्थ कसा पालटतो, हे नुसते सांगून मुलांना पटत नाही. ते त्यांच्या हातून घडवावे.

साहित्य : एक मोबाईल, चार विटा, एक घागर, पाट्या.

पहिली तासिका. मुलांनी पाटीवर चार चौकटी आखून पुढील दृश्ये रेखाटावीत : (१) मुलगा हातपंपाकडे धावत येतो, (२) घागर आडवी पडून पाणी सांडले आहे, (३) मुलगी रडत आहे, (४) मुलगा घागर उचलून भरून देतो. पहिले दृश्य दुरून, तिसरे अगदी जवळून घ्यावयाचे, हे चौकटीतच ठरवावे. चित्रण करणारा, सूचना देणारा, नोंद ठेवणारा व पात्रे अशी कामे वाटून द्यावीत.

दुसरी तासिका. मोबाईल आडवा धरून विटांवर टेकवावा, म्हणजे चित्र हलत नाही. सूर्य चित्रण करणाऱ्याच्या पाठीशी असावा. प्रत्येक दृश्य वेगळे घ्यावे व मनात दहा अंक मोजून होईपर्यंत थांबवू नये.

तिसरी तासिका. जी मुले चित्रणास नव्हती, त्यांचे दोन गट करावेत. एका गटास पहिली तीनच दृश्ये, दुसऱ्यास चारही दाखवावीत. 'हा मुलगा कसा आहे?' याचे उत्तर प्रत्येकाने दोन वाक्यांत लिहावे. पहिल्या गटातील पुष्कळ मुले त्यास दांडगट ठरवितील, दुसरा गट मदतगार म्हणेल. दोन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी लिहून मगच उरलेले दृश्य सर्वांस दाखवावे. येथे शिक्षकाने फार बोलू नये. मुलांनाच बोलू द्यावे.

यानंतर पुढील प्रश्न वहीत उतरवून घ्यावेत : ही चित्रफीत कोणी, केव्हा, कोठे काढली? हिच्या आधी व नंतर काय घडले असेल? आवाज याच प्रसंगाचा आहे काय? पाट्या, भाषा, वाहनांचे क्रमांक कोठले दिसतात? पाहून राग वा भीती वाटली, तर ती पुढे धाडण्यापूर्वी कोणास विचारावे?

दक्षता : संमतीवाचून कोणाचेही चित्रण करू नये. मुलांचे चेहरे असलेली चित्रफीत वर्गाबाहेर पाठवू नये.

स्वाध्याय : पेल्यात वाटाणा पेरून रोज एकाच जागेवरून एक छायाचित्र घ्यावे व शेवटी सर्व भरभर पाहावीत. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटापूर्वी रोपाची वाढ याच रीतीने दाखविली होती. डोळ्यांस न दिसणारे सत्य कॅमेरा दाखवू शकतो, हेही मुलांस कळले पाहिजे. केवळ संशय शिकविणे हा या पाठाचा हेतू नव्हे.