अनलिमिटेड थाळी निवडण्याची कृती: सेनगावहून देवदर्शनाला निघणाऱ्या घरांसाठी

सेनगावहून जीप भरून देवदर्शनाला निघालं की वाटा ठरलेल्या असतात. हिंगोलीच्या बाजूने नर्सी नामदेव आणि औंढा नागनाथ, रिसोडच्या बाजूने लोणार, तसंच पुढे मेहकर-खामगाव करत शेगाव. दुपारी देवळाबाहेर आलं की पाट्या दिसू लागतात: ‘अनलिमिटेड थाळी’, ‘पोटभर जेवण’, ‘शुद्ध शाकाहारी भोजनालय’. भावांत फरक दहा-वीस रुपयांचा. बहुतेक घरं सगळ्यांत लहान आकडा बघून आत शिरतात. पण थाळी महाग पडणार की स्वस्त, हे पाटीवर कळतच नाही. तुमच्या पंगतीला कोण कोण बसणार, त्यावर ते ठरतं. म्हणून एका ताटाचा भाव बाजूला ठेवायचा आणि सगळ्या घराच्या जेवणाचा खर्च ताडून बघायचा.

कामाला सुरुवात घरूनच करायची. निघायच्या आदल्या रात्री जेवणाऱ्या माणसांची यादी करा आणि प्रत्येकापुढे तो साधारण किती खातो ते लिहा. आजी दीड पोळी आणि वरणभात. कॉलेजातला मुलगा सात-आठ पोळ्या. सहा वर्षांची मुलगी भाजीला हात लावणार नाही, तिला पापड आणि गोड हवं. कुणाला साखरेचा त्रास, म्हणजे त्याच्या ताटातला गुलाबजाम फुकट जाणार. त्या दिवशी कुणाचा उपवास आहे का, तेही लिहा. औंढ्याला आपण बहुतेक श्रावणी सोमवारी नाहीतर महाशिवरात्रीला जातो, तेव्हा निम्मं घर उपाशी असतं आणि अनलिमिटेड थाळीचा त्यांना काही उपयोग नसतो. ही यादी केली नाही, तर पुढचा सगळा हिशेब अंदाजाचाच राहतो.

मग पाहायचं, की पैसे देऊन जेवायची गरज आहे का. शेगावला गजानन महाराज संस्थानाचा महाप्रसाद मोफत असतो, शिर्डीलाही साईसंस्थानाच्या प्रसादालयात प्रसादभोजन मोफत आहे. रांगेत उभं राहण्याइतका वेळ असेल आणि सोबत लहान बाळ किंवा औषधाच्या वेळेला बांधलेलं माणूस नसेल, तर त्या पंगतीसारखं जेवण बाहेर मिळत नाही. वेळ नसेल तरच बाजारपेठेकडे वळा.

तिथे हातात एक माप हवं. माझ्या मते सगळ्यांत सोयीचं माप शिवभोजन थाळीचं. राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी ही योजना सुरू केली तेव्हा दहा रुपयांच्या ताटात दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असं प्रमाण ठरवलं होतं. एका साध्या जेवणाचं हे सरकारी माप डोक्यात ठेवा आणि यादीतल्या माणसांना लावा. आजीला एक माप पुरून उरतं. मोठ्या माणसाला दीड-दोन मापं लागतात, शेतात राबणाऱ्या तरुणाला तीन. ज्याला दोनपेक्षा कमी मापं पुरतात, त्याच्यासाठी अनलिमिटेड थाळी बहुधा महागच पडते. तीन मापं जेवणाऱ्याला मात्र ती फायद्याची.

आता गल्ल्यावर जाऊन विचारायचं. बसल्यावर नाही, बसायच्या आधी. एकदा ताट पुढे आलं की आपल्याला उठवत नाही. पहिला प्रश्न: अनलिमिटेड काय काय आहे? बऱ्याच ठिकाणी पोळी, भात, वरण आणि एक भाजी हवी तितकी मिळते. पनीरची भाजी, गोड, पापड आणि ताक मात्र एकदाच. काही ठिकाणी भाकरी मागितली की तिचे पैसे वेगळे. दुसरा प्रश्न लहान मुलांचा: अर्धी थाळी आहे का, आणि किती वयापर्यंत? काही गल्ल्यांवर वय न विचारता उंचीवरून ठरवतात, तेव्हा मूल समोर उभं करूनच बोला. तिसरा प्रश्न आजीसाठी: थाळी न घेता दोन पोळ्या आणि वाटीभर वरण सुटं मिळेल का? एका अनलिमिटेड थाळीत दोघांनी जेवू नये हा सगळीकडचा नियम आहे आणि तो रास्त आहे. तो चुकवण्यापेक्षा सुटं मागणं बरं, आणि साधं भोजनालय असेल तर मालक बहुधा नाही म्हणत नाही. शेवटी कराचं विचारा: पाटीवरचा भाव करासकट आहे की कर वेगळा?

एक-दोन ठिकाणी असं विचारलं की कागदावर आकडे मांडा. समजा घरची सहा माणसं आहेत: आजी, आई-वडील, मोठा मुलगा आणि दोन लहान मुलं. पहिल्या भोजनालयात थाळी १६० रुपये, सगळं अनलिमिटेड, मुलांना सवलत नाही. सहा ताटांचे ९६० झाले. दुसऱ्या ठिकाणी थाळी १४०, मुलांना अर्धी ८० रुपयांत, ताक वेगळं २० रुपयांना. चार मोठी ताटं ५६०, दोन लहान १६०, चार ताकं ८०, मिळून ८००. तिसऱ्या ठिकाणी मोजकी राईस प्लेट १०० रुपये आणि जास्तीची पोळी १२ रुपये. पाच प्लेटा घेतल्या, दोन लहान मुलांत एक वाटून दिली आणि वरून दहा पोळ्या मागवल्या, तर ६२० रुपयांत सगळं घर जेवलं.

आता त्याच तीन पाट्यांसमोर चार तरुण मुलं उभी करा. राईस प्लेटचे ४००, प्रत्येकी पाच जास्तीच्या पोळ्या म्हणजे २४०, आणि भाजीची वाटी ४० रुपयांना धरली तर चौघांचे आणखी १६०. झाले ८००. पहिल्या ठिकाणची अनलिमिटेड थाळी त्यांना ६४० मध्ये पडते. घरासाठी सगळ्यांत महाग ठरलेलं भोजनालय त्यांना परवडतं. म्हणून मित्रांनी सुचवलेलं ठिकाण घरच्यांना घेऊन जाताना तसंच्या तसं स्वीकारू नका.

अनलिमिटेड थाळीचा धंदा चालतो कसा, हे माहीत असलं की वाईट वाटायचं कारण राहत नाही. अमेरिकेत लास वेगासच्या एल रांचो हॉटेलाने १९४० च्या दशकात ठरलेल्या पैशांत हवं तितकं खा अशी रात्रीची मेजवानी सुरू केली, ती जुगार खेळणारी माणसं जेवायला बाहेर जाऊ नयेत म्हणून. आपल्याकडच्या भोजनालयाला असली दुसरी मिळकत नाही. त्याची भिस्त कमी खाणाऱ्यावर असते. दीड पोळी खाणाऱ्या आजीच्या ताटातून आठ पोळ्या खाणाऱ्याचा खर्च निघतो. शिवाय पहिल्या फेरीत बटाटा, पुरी आणि भात येतो, महागाची भाजी मागाहून, लहान वाटीतून. यात लबाडी नाही, हिशेब आहे. आपणही आपला हिशेब करावा.

भाव जुळला तरी आत एक चक्कर मारायचीच. अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक दर्शनी लावलेला असायला हवा. वाढप्याच्या हातातल्या भांड्यातून वाफ निघते का बघा. मांडून ठेवलेल्या बुफेत तर हे आधी बघा, कारण कोमट भात आणि कोमट रस्सा तासन्‌तास तसाच पडून राहिलेला असू शकतो. भरलेलं भोजनालय निवडा, कारण तिथे भाजीचं पातेलं लवकर रिकामं होतं आणि नवीन चढतं. हात धुवायची जागा आणि पाण्याचा पिंप पाहिला की आतल्या मोरीची कल्पना येते.

उपवासाच्या फराळाबाबत जास्त सावध राहा. भगरीला ओल लागली की बुरशी धरते, आणि उपवासाच्या दिवशी भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यातून वरचेवर येतात. भगर आणि शेंगदाण्याची आमटी डोळ्यांदेखत गरम वाढली तरच घ्या. शंका आली तर केळी आणि दूध घ्या, त्याने कुणाचा उपवास मोडत नाही.

बसल्यावर घाई नको. पहिल्या फेरीला सगळं थोडं थोडं घ्या आणि आवडलेलंच पुन्हा मागा. पैसे भरलेत म्हणून ताट भरून घेण्याची सवय मला खटकते. ज्यांच्या दर्शनाला आपण शेगावला जातो, ते गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ ला गावात पहिल्यांदा दिसले, तेव्हा टाकून दिलेल्या पत्रावळींतली शितं वेचून खात होते. त्यांच्या गावात जेवताना ताटात पोळी टाकून उठू नये, मुलांनाही हे तिथेच सांगावं. वाया घालवल्यास पैसे आकारू अशी पाटी काही ठिकाणी असते आणि ती योग्यच आहे.

बिल आल्यावर तीन गोष्टी तपासा. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के असतो, म्हणजे वरच्या ९६० रुपयांवर ४८. पण ज्याने जीएसटीतली कंपोझिशन योजना, म्हणजे लहान धंद्यांसाठीची सोपी कर-पद्धत, घेतली आहे, त्याला ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही. त्याच्या बिलावर कराची ओळ दिसली तर विचारा. सेवा शुल्क परस्पर बिलात जोडता येत नाही, तसे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दिले आहेत. गल्ल्यावर ऐकलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. बाटलीबंद पाण्याचं मात्र वेगळं: हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त आकारायची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिली आहे. तेव्हा पाणी घरूनच भरून न्या.

राहिली नोंद. ड्रायव्हर म्हणेल तिथेच गाडी थांबवू नका, कारण कित्येक ठिकाणी त्याचं जेवण मोफत असतं, ते आपल्या सोयीचं असेलच असं नाही. त्याऐवजी पुढच्या वेळी आपली वही बघता यावी म्हणून तीत तारीख, भोजनालय, पाटीवरचा भाव, घराचं एकूण बिल आणि काय एकदाच मिळालं एवढं लिहा. आचारी बदलला की चव बदलते, म्हणून वर्षभरापूर्वीच्या नोंदीवर विसंबू नका. आणि त्या ठिकाणापुढे बरोबरची खूण त्याच दिवशी करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीला आणि मुलांना पोटाचं विचारा, मग करा.