चार्जर घेताना तीन आकडे पाहा

व्यापारी बंधूंनो, टॉर्च असो वा बिल छापण्याचे छोटे यंत्र, आज त्यात लिथियम-आयन सेल असतो. आपण सेल पारखून घेतो आणि चार्जर मात्र मिळेल तो उचलतो. हा सौदा नुकसानीचा आहे.

पहिला आकडा व्होल्टचा. सेलवर ३.६ किंवा ३.७ व्होल्ट लिहिलेले असेल, तर चार्जर साधारणपणे ४.२ व्होल्टचा लागतो. ३.२ व्होल्टच्या लिथियम-फॉस्फेट सेलला ३.६५ व्होल्टचा लागतो. निकेल सेलचा चार्जर दोघांनाही चालत नाही.

दुसरा आकडा सेलच्या क्षमतेचा व तिसरा चार्जरच्या अँपिअरचा. क्षमता २६०० एमएएच असेल, तर तिच्या निम्मा, म्हणजे १.३ अँपिअरचा वेग बेताचा. हिशेबाने दोन तास होतात, पण तीनेक तास लागतात, कारण ४.२ व्होल्ट गाठल्यावर प्रवाह हळूहळू कमी होत जातो. कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेग दिल्यास सेल तापतो व लवकर निकामी होतो.

कापडाच्या ताग्यांजवळ सेल चार्जिंगला लावू नका. फुगलेला सेल वापरू नका. दुकान बंद करताना चार्जर काढून ठेवा. तासाभराच्या घाईसाठी साऱ्या मालाची जोखीम घेणे हा शहाणपणाचा व्यवहार नव्हे.