आधी आकृती, मग यंत्र



बेळगावच्या उद्यमबागेत 'सीएनसी' हा शब्द आता नवा राहिलेला नाही. तुमच्यापैकी कित्येकांचे वडील, काका किंवा मामा अशा यंत्रावर काम करतात. त्याच जातीचे, पण लाकूड कापणारे छोटे यंत्र म्हणजे सीएनसी राउटर. संगणकाने दिलेल्या आकड्यांप्रमाणे त्याचे फिरते पाते डावी-उजवीकडे, मागे-पुढे व वर-खाली सरकते. आकड्यांवर चालणारे असे यंत्र अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५२ साली दाखविण्यात आले. आज त्याचे छोटे रूप हौशी माणूसही घरी वापरतो. त्याच्या साहाय्याने सुतारकामाचे टेबल कसे बनवावे, ते पाहू.

टेबलच का? रंधा मारताना किंवा करवतीने कापताना लाकूड हलता कामा नये. ज्या टेबलावर काम करायचे तेच डगमगत असेल, तर पुढची प्रत्येक वस्तू वाकडी होते.

१) मापे : हात सरळ खाली सोडून उभे राहा. जमिनीपासून मनगटापर्यंतचे अंतर ही टेबलाची साधारण उंची. वर्गातील सर्वांची मापे घेऊन सरासरी काढा. गणिताच्या तासाचा उपयोग येथे होतो.

२) आकृती : बाजारात १८ मि.मी. म्हणून मिळणारे प्लायवुड प्रत्यक्षात पुष्कळदा थोडे पातळ भरते. खाच १८ मि.मी.ची ठेवली तर जोड ढिला होतो. म्हणून व्हर्नियर कॅलिपरने चार ठिकाणी जाडी मोजा, टाकाऊ तुकड्यावर एक खाच कापून पाहा आणि मगच आकृती पक्की करा. यंत्र चूक सुधारत नाही. दिलेली चूक अगदी अचूकपणे कापून देते.

३) कापणी : टेबल १५० सें.मी. लांब आणि यंत्राचा पाट ६० × ९० सें.मी. असेल तर काय करावे? तुकडे कापून तीन थर एकावर एक चिकटवावेत. भिंतीतील विटांप्रमाणे एका थराचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊ देऊ नये. ५४ मि.मी. जाडीचा भक्कम पृष्ठभाग तयार होतो. पायही तीन थरांचेच करावेत. मधला थर हवा तेथे तोकडा ठेवला की आडव्या पट्टीसाठी खाच आपोआप मिळते. ६ मि.मी.च्या पात्याने एका फेरीत ३ मि.मी. खोल जायचे म्हटले, तर १८ मि.मी.साठी सहा फेऱ्या लागतात. घाई केल्यास पाते मोडते.

४) हाताचे काम : गोल फिरणारे पाते आतला कोपरा काटकोनी कापू शकत नाही, ६ मि.मी.चे पाते तेथे ३ मि.मी. त्रिज्येची गोलाई सोडते. तो कोपरा पटाशीनेच साफ करावा लागतो आणि गुण्याने तपासावा लागतो.

चष्मा व धुळीचा मास्क लावावा. हातमोजे, सैल बाह्या, ओढणी किंवा मोकळे केस घेऊन यंत्राजवळ जाऊ नये. शिक्षक जवळ नसताना यंत्र सुरू करू नये.

आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकायला मुंबईला गेले होते. रंग नीट ओळखता येत नसल्यामुळे रंगकाम सुटले. पण यंत्रांच्या रेखाटनात ते तरबेज झाले व तेच मुंबईत शिकवू लागले. पुढे बेळगावात त्यांनी सायकलींचा व्यवसाय केला, कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर बनविले. १९१० साली त्यांनी कुंडलजवळच्या माळावर कारखाना हलविला, तेच किर्लोस्करवाडी. हाती पेन्सिल आधी आली, कारखाना नंतर.

पालकांना व विश्वस्तांना नम्र विनंती. परीक्षा जवळ आली की कार्यानुभवाचा तास आपण प्रथम काढून घेतो. मुख्याध्यापक म्हणून हा दोष माझाही आहे. शाळेसाठी यंत्र घेण्याचा विचार जरूर करू. परंतु त्याआधी चार रंधे, चार पटाश्या, एक गुण्या आणि आठवड्यातून एक दिवस गावातील जाणत्या सुताराला मानधन देऊन शिकवायला बोलावणे, एवढे तरी करू या. मुलींनाही या तासाला बसवू या. असे झाले, तर यंत्र येईल त्या दिवशी त्याला काय सांगायचे, हे आपल्या मुलांना ठाऊक असेल.