कर्णा इतक्या मोठ्याने कसा बोलतो?

सातारा किंवा सांगलीकडच्या जत्रेत तुम्ही गेला असाल, तर झाडाला किंवा देवळाच्या शिखराजवळ बांधलेला कर्णा तुम्ही नक्कीच पाहिला असेल. कोणी त्याला भोंगा म्हणतात. कर्णा हे नाव मूळचे देवळातल्या आणि मिरवणुकीतल्या लांब पितळी वाद्याचे. तोंडाशी अरुंद, पुढे हळूहळू रुंद होत जाणारे ते वाद्य आणि विजेवर बोलणारा हा भोंगा यांचा आकार सारखा आहे, आणि आकार सारखा असण्यामागे कारणही एकच आहे.

आता एक गंमत पाहा. कर्ण्याच्या मागच्या बाजूला डब्यासारखा एक भाग असतो. दुरुस्ती करणारे त्याला ‘युनिट’ म्हणतात. त्याच्या आत तळहाताएवढासुद्धा नसलेला एक पातळ पडदा असतो. त्या पडद्याला तारेचे बारीक वेटोळे चिकटवलेले असते आणि ते वेटोळे चुंबकाच्या फटीत बसवलेले असते. वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह गेला की ते मागेपुढे हलते, त्याबरोबर पडदा हलतो आणि आवाज होतो. हे युनिट कर्ण्यापासून सोडवून नुसतेच वाजवले, तर आवाज किरटा आणि दुबळा येतो. (असे वाजवणे युनिटला फार काळ मानवतही नाही, ते का, हे पुढे येईलच.) तेच पुन्हा कर्ण्यावर बसवा, आवाज गावाच्या वेशीपर्यंत जातो. वीज तेवढीच, पडदाही तोच. मग ही जास्तीची ताकद कोठून आली?

ताकद बाहेरून आलेलीच नाही. ती आधीपासून होती, पण वाया जात होती.

गोळाफेकीचा लोखंडी गोळा तुम्ही फेकता तेव्हा तुमच्या हाताचा सगळा जोर त्याच्यात उतरतो. त्याऐवजी हातात थर्माकोलचा गोळा दिला तर? कितीही जोर लावा, गोळा चार पावलांवर पडतो. जोर कमी पडला असे नाही. थर्माकोलला तो घेताच येत नाही. पडद्याची आणि हवेची गोष्ट अशीच आहे. हवा अत्यंत हलकी. छोटा पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाण्याऐवजी कडेने निसटून जाते. आपल्या घरच्या साध्या रेडिओत कागदी शंकूचा ध्वनिक्षेपक असतो. त्याला दिलेल्या विजेपैकी शेकडा एक-दोन भागच आवाजात उतरतो; बाकीच्या बहुतेक विजेची उष्णता होते.

कर्णा हवेला निसटू देत नाही. पडद्यापुढे अरुंद गळा असतो. हवा त्या गळ्यात कोंडलेली असल्यामुळे तिला दाबले जाण्यावाचून गत्यंतर नसते. पडद्याच्या दृष्टीने हवा जणू जड झाली, थर्माकोलचा गोळा लोखंडी झाला! गळ्यात दाब मोठा, पण हालणारी हवा थोडी. पुढे नळी रुंदावत जाते तसा दाब उतरतो आणि हालणाऱ्या हवेचा विस्तार वाढतो. विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब कमी करून प्रवाह वाढवतात, त्यासारखेच हे काम आहे. त्याशिवाय कर्णा आवाज चारी दिशांना उधळू न देता एका बाजूला रोखतो, तो फायदा वेगळा.

दोन्ही मिळून होणारा फायदा आकड्यांत पाहू. एक वॅट वीज दिली, तर साध्या पेटीतला ध्वनिक्षेपक एक मीटरवर सुमारे ८८ डेसिबल आवाज देतो. सभेचा चांगला कर्णा तेवढ्याच विजेवर १०८ डेसिबलच्या आसपास देतो. फरक वीस डेसिबलचा, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. १ मीटरचे २५६ मीटर व्हायला आठ वेळा दुप्पट करावी लागते. म्हणून १०८ मधून ४८ गेले, उरले ६०. समोर बसलेला माणूस बोलतो तेव्हा आवाज साधारण एवढाच असतो. अवघ्या एका वॅटवर पाव किलोमीटर! कृष्णेला पूर येतो तेव्हा या हिशेबाचे महत्त्व कळते. सांगलीकरांनी २००५, २०१९ आणि २०२१ साली मोठे पूर पाहिले. अशा वेळी वीज गेली, तर बारा व्होल्टच्या एका बॅटरीवर जितका वेळ बोलता येईल तितके थोडेच. तिथे शंभर वॅट मागणारी पेटी काय कामाची?

सांगली जिल्ह्यातल्याच कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथल्या गावकऱ्यांनी २०२२ साली ठरवले, की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद ठेवायचे आणि मुलांनी अभ्यासाला बसायचे. साऱ्या गावाला एकाच क्षणी सांगायचे तर भोंग्यासारखे दुसरे साधन नाही.

आता आकाराकडे वळू. नळी हळूहळूच का रुंदावली पाहिजे? गळ्यानंतर एकदम मोठे तोंड का नाही चालत? कारण वाट अचानक रुंद झाली की ध्वनिलहर तिथून मागे फिरते. बासरीत हेच घडते. बासरीच्या उघड्या टोकावरून लहर परत येते, आत-बाहेर फेऱ्या मारते आणि म्हणून ठरावीक सूर घुमतो. बासरीला ते हवेच असते. बोलणे ऐकवणाऱ्या कर्ण्याला मात्र कोणताही एक सूर जास्त घुमलेला परवडत नाही. तेव्हा रुंदावणे असे हवे, की लहरीला वाट बदलल्याचे कळूच नये. सरळ बाजूंचा शंकू हे काम खालच्या सुरांसाठी नीट करत नाही. ठरावीक अंतर पुढे गेले की क्षेत्रफळ दुप्पट, पुन्हा तेवढेच अंतर गेले की पुन्हा दुप्पट, असा वाढणारा आकार बराच सरस ठरतो. चक्रवाढ व्याजाने पैसे वाढतात ना, तसाच हा चक्रवाढ कर्णा.

दुप्पट होण्याचे अंतर किती ठेवायचे, ते आपल्याला किती खालचा सूर हवा त्यावर ठरते. ३०० हर्ट्‌झपर्यंत उतरायचे असेल तर क्षेत्रफळ दर सव्वासहा सेंटिमीटरला दुप्पट करावे. १५० हर्ट्‌झ हवे तर दर साडेबारा सेंटिमीटरला. तोंडाचा परीघ त्या सुराच्या तरंगलांबीएवढा असावा. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरा. त्याला ३०० ने भागा. तरंगलांबी १ मीटर १३ सेंटिमीटर. म्हणजे तोंडाचा व्यास ३६ सेंटिमीटर. तबल्याच्या डग्ग्यापेक्षाही खोल, ४० हर्ट्‌झचा सूर हवा असेल तर? तरंगलांबी साडेआठ मीटर, तोंडाचा व्यास पावणेतीन मीटर! कर्ण्यातून ढोलाचा घुमारा का येत नाही, ते यावरून कळेल. अमेरिकेतील पॉल क्लिप्श याने १९४०च्या दशकात यावर नामी तोड काढली. त्याने लाकडी कर्णा घड्या घालून पेटीत बसवला आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. दोन भिंती आणि जमीन याच कर्ण्याच्या पुढच्या बाजू झाल्या. जुन्या ध्वनियंत्रांचे शौकीन आजही ती पेटी जपतात.

घड्या घालण्याची युक्ती सभेच्या कर्ण्यातही असते. त्याच्या तोंडात डोकावले तर मध्ये एक पेला दिसतो. आवाज आधी मधल्या नळीतून पुढे येतो, पेल्यावर आदळून मागे वळतो, आणि मागून पुन्हा वळून बाहेर पडतो. हातभर लांबीच्या कर्ण्यात त्यामुळे कितीतरी लांब वाट मावते.

कर्णा ऐकवतो तसा ऐकतोही. विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ साली सुरू झाले. त्याआधी गवई एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात. अरुंद टोकाला पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली मेणाची तबकडी. विजेचा संबंधच नाही. गळ्याच्या जोरावर खाच उमटायची. मिरजेत दीर्घकाळ राहिलेले किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांच्या १९०५च्या सुमाराच्या ध्वनिमुद्रिका अशाच झाल्या. त्यांचा निमुळता, कोमल आवाज या पद्धतीला सोयीचा नव्हता असे मला वाटते. १९३७ साली ते वारले. त्याआधीच्या काही वर्षांतल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका विजेवर झालेल्या आहेत. दोन्ही काळांतले गाणे लागोपाठ ऐकून पाहा. जुन्या मुद्रणात तंबोरा जवळजवळ नाहीसाच झालेला असतो. आणि मिरज तर तंबोऱ्यांचे गाव! तिथल्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. एक सांगायला हवे: तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे कर्णा नव्हे. बारीक तार हवेला फारशी हलवू शकत नाही ही अडचण तीच, पण तिथे तार मोठ्या तबलीला हलवते आणि तबली हवेला. एकाच रोगावर दोन वेगळी औषधे.

सभेचा जुना, टाकून दिलेला कर्णा मिळाला तर तो घरी गाणे ऐकण्यासाठी सुधारता येतो. आधी गळा स्वच्छ करा. कुंभारमाशीने मातीचे घर बांधून तो पार बुजवलेलाही असू शकतो. आवाज फाटत असेल तर पडदा बदलावा लागतो. तो वेटोळ्यासकट नवा मिळतो. पत्र्याच्या तोंडावर टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर तोच नाद गाण्यातही मिसळणार. बाहेरून जाड कापडाचे किंवा रबराचे पट्टे चिकटवा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खालचे सूर युनिटपर्यंत जाऊ देऊ नका. कर्ण्याच्या मर्यादेखालच्या सुराला गळ्यातली हवा अडवत नाही, पडदा मोकाट हलतो आणि फाटतो. कर्ण्याशिवाय युनिट वाजवू नये, तेही याचसाठी. यावर उपाय स्वस्त आहे. सोळा ओहमच्या युनिटला ओळीने ३३ मायक्रोफॅरडचे, ध्रुव नसलेले धारित्र जोडले की ३०० हर्ट्‌झखालचे सूर उतरू लागतात. ते सूर साध्या कागदी ध्वनिक्षेपकाकडे सोपवावेत. मात्र घरातल्या विजेवर चालणारे यंत्र जाणत्या माणसाशिवाय उघडू नका.

पण स्वतः कर्णा करायचा असेल तर पुठ्ठा पुरतो. इंग्लंडमध्ये १९३०च्या सुमारास ईएमजी नावाचे ग्रामोफोन हाताने तयार करत. त्यांचे अवाढव्य कर्णे कागदाच्या लगद्याचे होते. आपण चौकोनी कर्णा करू, तो कापायला सोपा. कार्डशीटच्या चार सारख्या पाकळ्या कापायच्या. पाकळीच्या मधोमध सरळ रेष काढा. सुरुवातीला रुंदी अडीच सेंटिमीटर. रेषेवर ६.३ सेंटिमीटरला रुंदी ३.५, १२.६ ला ५, १८.९ ला ७.१, २५.३ ला १०, ३१.९ ला १४.१, ३८.८ ला २०, ४६.३ ला २८.३, आणि शेवटी ४९.२ ला ३२. हे बिंदू दोन्ही बाजूंना निम्मे-निम्मे घेऊन गोलसर रेषेने जोडा. पाकळ्या वाकवून कडा कागदी पट्ट्यांनी चिकटवा. मग बाहेरून खळीने वर्तमानपत्राचे चार-पाच थर द्या आणि सावलीत दोन दिवस वाळू द्या. हा कंटाळा करू नका. पातळ कर्णा स्वतःच थरथरतो आणि आवाज खातो.

पाच सेंटिमीटर व्यासाचा ट्रान्झिस्टरचा ध्वनिक्षेपक घ्या. प्लायवूडच्या तुकड्याला अडीच सेंटिमीटरचे चौकोनी भोक पाडा. त्याच्या मागे ध्वनिक्षेपक असा बसवा, की कागदी शंकू लाकडाला टेकणार नाही, पण अंतरही फार राहणार नाही. पुढे कर्णा चिकटवा. हवेला फट कोठेही नको. बॅटरीवरच्या ट्रान्झिस्टरच्या तारा जोडल्या की झाले. कर्ण्याच्या तोंडाला कान लावून मात्र ऐकू नका.

आता शाळेच्या मैदानावर, वारा पडलेला असताना, बातम्या लावा. आधी कर्ण्याशिवाय, ध्वनिक्षेपक नुसता ठेवून, शब्द कळेनासे होईपर्यंत पावले मोजत मागे जा. मग आवाजाच्या खटक्याला हात न लावता कर्णा जोडा आणि पुन्हा मोजा. अंतर दुप्पट झाले असेल तर कर्ण्याने चौपट विजेचे काम केले. तिप्पट झाले असेल तर नऊपट. मित्राला कर्णा सावकाश बाजूला वळवायला सांगा आणि तुम्ही जागीच उभे राहा. आधी ‘स’ आणि ‘श’ पुसट होतील, कारण आखूड तरंगलांबीचे सूर सरळ रेषेत जातात. निवेदकाच्या आवाजातला जाड भाग कर्णा पाठमोरा झाला तरी थोडाफार येत राहील. किती अंशांवर ‘स’ नाहीसा झाला, तेवढे वहीत टिपून ठेवा.