आरशावरून वाद नको, मुलीशी बोला

"पोरी, आरशात बघ जरा, किती वाळलीस!" जेवण टाळणाऱ्या मुलीला घरोघरी हेच ऐकावे लागते. वॉर्डात आम्हीही हेच सांगायचो. ॲनोरेक्सिया नावाच्या आजारात वजन धोकादायक उतरले तरी जाड होण्याच्या भीतीने मुलगी जेवत नाही. तिला आपले शरीर जाडच दिसते, असा आमचा समज होता.

जर्मनीतील ट्युबिंगेन येथील संशोधकांनी हे तपासले. हा आजार असलेल्या २४ आणि नसलेल्या २४ स्त्रियांच्या शरीराचे त्रिमितीय स्कॅन केले. त्यावरून संगणकावर प्रत्येकीसारखी आकृती तयार केली. तिचे वजन २० टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करून दाखवले आणि विचारले : यातले तुमचे शरीर कोणते? तुम्हाला कसे हवे?

हा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. आजारी स्त्रियांनी स्वतःला जाड ओळखले नाही. दोन्ही गटांचा अंदाज थोडा कमीच होता. फरक दुसऱ्या उत्तरात होता. आजारी स्त्रियांना हवे असलेले शरीर फारच बारीक होते. एका लहान अभ्यासाने सगळे ठरत नाही. पण आम्ही एवढे शिकलो, की आरसा दाखवून भागत नाही. बारीक असणे म्हणजेच चांगले, हा विचार मनात कसा बसला ते ऐकून घ्यावे लागते. म्हणून घरात 'जाडी', 'ढोली' अशा हाका बंद करा.

लक्ष कुठे द्यावे?
- वजन झपाट्याने उतरणे, पाळी थांबणे, चक्कर येणे, सतत थंडी वाजणे.
- सर्वांबरोबर जेवायला न बसणे, जेवल्यावर लगेच उलटी काढणे, जुलाबाच्या गोळ्या घेणे.

वजन टीबी, थायरॉइड, मधुमेहानेही उतरते. म्हणून आधी सरकारी दवाखान्यात तपासणी करा. मुलांनाही हा आजार होतो.

बरेच दिवस उपाशी असलेल्या मुलीला एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातले क्षार बिघडून हृदयावर ताण येतो, जीवही जाऊ शकतो. जेवण डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू वाढवावे लागते. ती बेशुद्ध पडली किंवा छातीत धडधडू लागले तर लगेच रुग्णालयात न्या.

मनाच्या आजारासाठी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत मिळते. हा हट्ट नाही, आजार आहे. उपचाराने मुली बऱ्या होतात.