मृगापूर्वी बियाण्याची पारख

रोहिणीचे ऊन तापू लागून कणगीतले बियाणे अंगणात उतरविण्याची वेळ आली, की ते सुपात घोळून फोलकट उडवून देण्याचा दस्तूर बहुतेक घरी पाळला जातो; परंतु सूप टरफलाचा आणि दाण्याचा निवाडा करते, भरलेल्या आणि अर्धवट पोसलेल्या दाण्याचा नव्हे, आणि तो करावयाचा तर पाण्याकडेच दाद मागावी लागते. द्रवात बुडालेल्या पदार्थाला त्याने सारलेल्या द्रवाच्या वजनाइतका आधार खालून मिळतो, हा आर्किमिडीजचा सिद्धांत. सबब द्रव जितका जड तितका आधार अधिक, आणि बीजप्रक्रियेत मिठाचे प्रयोजन पाणी जड करणे एवढेच. जपानात योकोई तोकियोशी यांनी भाताचे बी निवडण्याची ही रीत १८८२ साली बसविली.

भातासाठी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ पुरते. बाजरीत मात्र अरगटाच्या काळसर गाठी वर आणावयाच्या असल्यामुळे तेवढ्याच पाण्याला २ किलो लागते. मीठ मुठीने घालणाऱ्याने ही खटपट करूच नये, तराजू हवाच. भात ओतल्याबरोबर जे वर राहील ते सारे पळींज असे मात्र समजू नये, कारण तुसावरील बारीक लवेत हवेचे बुडबुडे अडकतात आणि चांगला टपोरा दाणाही त्यांच्या जोरावर तरंगतो. म्हणून हाताने नीट ढवळावे, पाणी निवांत होऊ द्यावे, आणि मगच वरचे काढावे. दुसऱ्या घाण्याला द्रावण कमी पडले तर त्यात साधे पाणी ओतू नये, त्याच प्रमाणाचे खारे पाणी घालावे. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावे. अरगट विषारी असल्याने जाळून टाकावे. गुरांपुढे चुकूनही जाऊ देऊ नये.

सोयाबीनचे आवरण नाजूक, त्याला ही बुडी मुळीच नको. तेथे काम पडते ते द्रवाच्या दुसऱ्या गुणाचे, चिकटपणाचे. जिवाणू संवर्धकासाठी १ लिटर गरम पाण्यात १२५ ग्रॅम गूळ विरघळवितात; ऊन असताना हे द्रावण पातळ असते, निवता निवता दाटते, आणि पूर्ण निवल्यावरच त्यात संवर्धक कालवावे, कारण उष्णतेने जिवाणू मरतात. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम संवर्धक घेऊन, दाण्यांवर पातळ लेप बसेल इतपतच द्रावण शिंपडावे व हलक्या हाताने चोळावे. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी.

रोपवाटिकेला विहिरीचे पाणी देणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पंप पाणी ओढतो ही समजूत सर्वत्र आहे. वस्तुतः बाहेरच्या हवेचा दाब ते नळीत वर ढकलतो, आणि तो दाब समुद्रसपाटीलाही सुमारे १०.३ मीटरांहून उंच पाणी पेलू शकत नाही. त्यातून नळीचे घर्षण व फूटव्हॉल्व्हचा अडथळा वजा जाता व्यवहारात सहा-सात मीटरच पदरात पडतात. तेव्हा जेठात पाणी खोल गेल्यावर अधिक अश्वशक्तीच्या मोटारीवर पैसा घालण्याऐवजी पंपच विहिरीत खाली बसवावा, आणि सक्शनचे सांधे हवा घेत नाहीत याची पेरणीपूर्वी खातरजमा करून घ्यावी.